पावती क्रमांक दोनशे तेरा

पहिल्या आठवड्यात पावतीपुस्तकं पुरली नाहीत.
मंडळाची वर्गणीची काढली,
'गणेशोत्सव'वर काट मारून बॉलपेननं लिहिलं: पूरग्रस्त मदत.
कोपऱ्यातला गणपती तसाच राहिला.
दूधगंगा शाळेच्या तिसऱ्या पायरीवर होती
आणि चिकोडीच्या रस्त्याला टेम्पोंची रांग.

काय नाही आलं?
पाण्यात बुडालेल्या गावाला अकराशे बाटल्या पाणी.
इचलकरंजीहून पोत्यानं भाकऱ्या,
बुरशी धरली त्या म्हशींनी खाल्ल्या.
उंच टाचेचं एक पायताण, फक्त डाव्या पायाचं.
एक शेरवानी.
हसू नका. त्या शेरवानीच्या उबेला
दस्तगीर मुल्लाचा म्हातारा बाप चार रात्री झोपला.

मग निपाणीत नवी पुस्तकं छापून घेतली,
हजार पावत्या, वर कन्नड, खाली मराठी.
छापणारा म्हणाला, पाचशेच घ्या, भूपालअण्णा.
मी म्हणालो, लोक चांगले आहेत.
लोक चांगलेच आहेत.
दोनशे बारा फाडल्या.
पुढच्या कोऱ्या.

पाणी फोटोत येतं.
ओल येत नाही.
ती भिंतीत कमरेएवढी चढते, मिठासारखी फुलते,
हात लावला की पापुद्रा हातात.
अक्काताई मगदुमांच्या घराची मागची बाजू
पहिल्या वर्षी निळ्या ताडपत्रीची होती,
दुसऱ्या वर्षी पिवळ्या,
आता खताची पोती उसवून, शिवून.
दारावर सर्व्हेवाल्यानं खडूनं लिहिलेला 'बी'
ती पुसत नाही,
सारवताना त्याच्या भोवतीनं हात फिरवते.
पहिला हप्ता आला, तो पायात गेला.
दुसऱ्याचं विचारलं की साहेब कन्नडात सांगतात,
आणि ते आम्हाला कळतं, हीच पंचाईत.

फोन करत राहिलो.
कोल्हापूरची संस्था म्हणाली, तुम्ही हद्दीपलीकडचे.
हुबळीचे म्हणाले, तुमची माणसं तिकडं आहेत की भरपूर.
मागं पंचवीस हजार दिलेले यंत्रमागवाले शेठ
खरोखरच्या नवलानं म्हणाले,
"अजून झालं नाही होय?"
माणूस वाईट नव्हे. मुलीच्या लग्नाचं बोलावणं दिलं.
तो 'अजून' मी वहीत जमेच्या बाजूला लिहिला,
त्या महिन्यात दुसरं लिहायला काही नव्हतं.

दोनशे बारावी पावती गडहिंग्लजच्या एका निवृत्त बाईंची.
दरमहा एकशे एक, मनिऑर्डरनं, एकोणीस महिने.
विसाव्या महिन्यात पोस्टमन न थांबता
सायकल मारत पुढं गेला.
चौकशी केली नाही मी.
काही उत्तरं न आलेलीच बरी.

परवा टीव्हीवर कुठल्याशा डोंगरात दरड कोसळली.
मंडळाची पोरं पत्र्याचा डबा घेऊन निघाली,
वीस वर्षांची पोरं, पुरात कमरेवर होती आयांच्या
असं वाटतं, इतकं जुनं झालंय ते सगळं.
अक्काताईनं पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले.
मी म्हणालो, अक्का, तुझी भिंत?
"त्यांचं आजचं हाय रं," ती म्हणाली,
"माझं रोजचं."
नोट डब्यात टाकली आणि तिथंच उभी.
काय झालं?
"पावती दे की. तवा सगळ्यास्नी देत हुतास."

कपाटातून पुस्तक काढलं, कुबट वास.
दोनशे तेरा आणि दोनशे चौदा
ओलीनं एकमेकींना चिकटलेल्या.
ब्लेडनं सोडवल्या.
तिचं नाव नीट लिहिलं, दोन्ही लिपींत,
रक्कम अक्षरी: रुपये वीस फक्त.
दोनशे चौदा सोडवताना जरा फाटली.
ती तशीच ठेवली आहे.